दिवस शून्य

दिवस ०

कोच खिडकीकडे पाठ करून बसले होते. दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळावर, ओठ मिटलेले. त्यांची सकाळची नाडी मोजून होईपर्यंत घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, हा चाळीस वर्षांचा नियम. मी दारात चपला हातात धरून उभी होते. पायात घातल्या की आवाज होतो.

मागून ऊन आलं होतं आणि त्यांचा उजवा कान उजळून निघाला होता. कानाची कड पिवळी होती.

दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. माणूस समोर असला की कुणी त्याच्या कानाकडे बघत नाही. मी बघते. पांढऱ्या उंदराचं पित्त अडलं की आधी त्याचे कान पिवळे होतात, मग शेपटी, मग पंजे. गेली सोळा वर्षं मी रोज सकाळी प्रयोगशाळेत असे शंभरेक कान बघत आले आहे.

"सत्तेचाळीस," कोच म्हणाले आणि वहीत लिहिलं. "या वयात सत्तेचाळीस. पंचविशीतल्या पोरांची नसते."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळसर झाला होता, अगदी थोडा, उन्हात ठेवून विसरलेल्या कागदासारखा.

"काय बघतेस, उंदीरवाली? जा आता. तुझी उंदरं उपाशी असतील."

"येते," मी म्हणाले.

कोच माझे वडील. लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मैदानावर 'बाबा' म्हणायचं नाही असा त्यांचा दंडक होता, आणि मैदान कुठे संपतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणून घरातही सगळ्यांचे ते कोचच. माझा भाऊ, दादा, जहाजावर असतो. घरात कोच, वहिनी आणि मी. दुसरा मजला, जिना अरुंद.

बसमध्ये खिडकीच्या काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. त्यात मी बोटानं गोल काढला. शून्य.

कसं बांधायचं

उंदराला गुंगी द्या. पोटावरचे केस काढा. मधोमध उभी चीर घ्या, अंगठ्याच्या पेराएवढी. ओल्या कापसानं यकृत वर उलटा. उंदराला पित्ताशय नसतं, त्यामुळे गोंधळ होत नाही. यकृतातून निघून आतड्यात शिरणारी एकच पित्तनलिका दिसते. जाड सुईएवढी, काचेसारखी. ती चिमट्यानं अलगद उचला, खालून रेशमी दोरा ओवा. एक गाठ वर, एक गाठ खाली. मधे कापा. पोट शिवा.

दुसऱ्या उंदराचं हेच सगळं करा. गुंगी, चीर, चिमटा, दोरा. फक्त गाठ मारू नका. दोरा काढून घ्या आणि पोट शिवा. हा तुलनेसाठी.

पिंजऱ्यावर पट्टी चिकटवा. बांधला तो दिवस ०.

मग काही करू नका. पित्त खाली उतरू शकत नाही, म्हणून रक्तात जातं. रक्तातून कातडीत जातं आणि उंदीर खाजवू लागतो. हृदयात जातं आणि हृदय मंद होतं. पहिल्या आठवड्यात ठोके कमी. दुसऱ्या आठवड्यात हृदयाचं आकुंचन ढिलं. चौथ्या आठवड्यात पोटात पाणी. आमचा विषय यकृत नाही, हृदय आहे. यकृतात बिघाड करायचा आणि हृदयाकडे बघत बसायचं, असं आमचं काम.

आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, "बघायचं. लिहायचं. मदत करायची नाही. एकाला जरी मदत केलीत, तर बाकी सगळे फुकट मेले."

दिवस १

मी सांगू शकले असते. जेवताना पाच शब्दांचं काम होतं. कोच, तुमचं पित्त अडलंय, चला.

नाही सांगितलं. का, ते लिहिते. लपवण्यासारखं काही नाही.

मी सतरा वर्षांची असताना आई एका सकाळी भांडी घासता घासता खाली बसली. हात उचलत नाही म्हणाली, जीभ जड झाली म्हणाली. कोचनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं. "बहात्तर. ठणठणीत आहेस. ऊठ." ती उठली नाही. "नाटकं बंद कर," म्हणाले आणि मैदानावर गेले. मला बरोबर घेऊन गेले. त्या दिवशी मी बारा फेऱ्या मारल्या. परत आलो तेव्हा आई तिथेच होती, नळ चालू होता आणि तिच्या तोंडाची एक बाजू उतरली होती. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. एका हाताची, अर्ध्या तोंडाची. तिचं सगळं मी केलं. कोच रोज सकाळी तिची नाडी बघायचे आणि म्हणायचे, "बघ, चांगली आहे."

मला त्यांना मारायचं नव्हतं. हे मी स्वतःला बसमध्ये दोनदा सांगितलं आणि ते खरंही होतं. मी हिशेब केला होता. चार वर्षांपूर्वी आम्ही नळी न कापता नुसती बांधून, नंतर गाठ सोडण्याचा प्रयोग केला होता: सातव्या दिवशी सोडलेले, चौदाव्या दिवशी सोडलेले, एकविसाव्या दिवशी सोडलेले. गाठी माझ्याच हातच्या. चौदाव्यापर्यंत सोडलेल्यांची हृदयं परत आली. एकविसाव्याची आली नाहीत.

म्हणजे चौदा दिवस माझे होते. चौदा दिवस त्यांनी खाजवावं, झिजावं, आपल्याला काय होतंय ते त्यांना कळू नये, आणि सांगायला गेले तर समोरच्यानं म्हणावं, ठणठणीत आहात. मग पंधराव्या सकाळी मी त्यांना दवाखान्यात नेणार होते. मुलीचं कर्तव्य.

दिवस ३

"तू साबण बदललास का गं?" वहिनीनं विचारलं. ती कोचचे बनियन वाळत घालत होती.

"नाही. का?"

"रात्रभर खाजवतात. बनियनवर रक्ताचे ठिपके बघ. मी म्हटलं, कोच, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणे घाम कमी येतो म्हणून खाज येते, उद्यापासून दोन फेऱ्या जास्त."

"मारल्या?"

"एक मारली. मग बाकावर बसले. मी विचारलं तर म्हणे, झाडं बघतोय. आयुष्यात कधी झाड बघितलंय का त्या माणसानं?" वहिनी हसली. मग चिमटा दातात धरून म्हणाली, "आणि रंग बघितलास? उजळलेत."

"उजळलेत?"

"पिवळे नाही दिसत? मला वाटलं, वय झालं की होत असेल. तू बघतेस ना तिकडे असलं काहीतरी, तुझ्या त्या कारखान्यात?"

"उंदरांचं बघते."

"मग काय फरक आहे," वहिनी म्हणाली आणि खो खो हसली.

मीही हसले.

दिवस ४

कोचचे दोन जुने विद्यार्थी आले. दोघंही पन्नाशीचे, दोघांची पोटं सुटलेली, दोघंही खुर्चीच्या कडेवर बसले. कोचसमोर कुणी टेकून बसत नाही. पुढच्या महिन्यात ते सगळे जमून कोचचा सत्कार करणार होते.

"मनगट दे," कोच एकाला म्हणाले. त्यानं दिलं. "अठ्ठ्याऐंशी. बसल्या जागी अठ्ठ्याऐंशी. गाढवा, तुझं काळीज आहे की शिलाई मशीन?"

तो लाजला. खरंच लाजला, मुलगी बघायला आल्यासारखा.

"आता माझी बघ."

त्यानं बघितली. ओठ हलत होते. "सेहेचाळीस, कोच."

"दोन महिन्यांपूर्वी बासष्ट होती. माणसाची वाढत जाते, माझी उतरत चालली आहे. सराव सोडला नाही ना मी. शरीर विसरत नाही."

दोघांनी माना डोलावल्या. मी पाणी ठेवलं. 'दोन महिन्यांपूर्वी' हे शब्द मी ऐकले होते. कानात शिरले आणि तिथेच बसून राहिले, पण मी त्या शब्दांकडे वळून पाहिलं नाही. त्या वेळी मी कोचचा डावा हात बघत होते. टेबलाखाली तो उजव्या कोपराला ओरबाडत होता आणि चेहरा मात्र स्थिर होता. मला मजा वाटली. लिहिताना वेगळा शब्द शोधत होते, सापडला नाही.

दिवस ६

प्रयोगशाळेत औषधाची पाळी होती. हे औषध टोचलं की हृदय चाबूक बसल्यासारखं उसळतं. न बांधलेल्या उंदराला टोचलं. पडद्यावरची रेघ भिंतीसारखी उभी राहिली. बांधलेल्याला टोचलं, रेघ जराशी वर आली आणि कंटाळून खाली गेली.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या ठोक्यांवर जाऊ नकोस. मंद ठोका बघून वाटतं, छान विश्रांती घेतंय. ते विश्रांती घेत नाहीये. त्याला हाक ऐकू येत नाहीये. शांत बसलंय तोवर चाललं. पळायला सांग, नाहीतर पोट उघड, की संपलं."

"कुठल्या दिवसापासून ऐकू येत नाही?"

"तूच बांधतेस आणि मला विचारतेस?"

दिवस ८

"इकडे ये. पाठ खाजव."

मी नखं लावली.

"नखं नकोत. ती लाकडी पट्टी आण."

मी पट्टी आणली. पाठीवर ओरखड्यांच्या रेघा होत्या, नव्या जुन्यांवर चढलेल्या. मी हळू खाजवलं, मुद्दाम, जिथे खाज आहे त्याच्या दोन बोटं बाजूला.

"वर. अजून वर. डावीकडे. तुला डावं-उजवं कळत नाही का? लहानपणीही वळणावर चुकायचीस."

"इथे?"

"नाही."

"इथे?"

त्यांनी दात आवळले. मान खाली गेली. त्यांच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला. असा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. प्राण्यांच्या खोलीत मात्र रोज ऐकते.

"कोच, नाडी किती आहे आज?"

"चव्वेचाळीस."

"मग ठणठणीत आहात," मी म्हणाले.

दिवस ९

दुपारी कोचनी वही माझ्यापुढे टाकली.

"उंदरांचे आलेख काढतेस ना? माझा काढ. सत्काराला मोठा करून लावणार आहेत पोरं. माझ्या हाताला जरा कंप आहे."

रोजची एक ओळ. तारीख, नाडी, फेऱ्या, शेरा. अक्षर शिस्तीत. मी चौकटींचा कागद घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बसून ठिपके मांडू लागले. एकसष्ट. बासष्ट. बासष्ट. एकसष्ट. सबंध वर्षभर ठिपके एका रांगेत, कवायतीला उभे राहिल्यासारखे. मग एका रविवारी साठ. मंगळवारी अठ्ठावन्न. ठिपके उतरू लागले आणि उतरतच राहिले.

त्या रविवारी शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: हातापायांना रात्री खाज. साबण बदलला.

मी बोटानं दिवस मोजले. पुन्हा मोजले. मग वही बाजूला ठेवून कॅलेंडर काढून मोजले.

त्र्याहत्तर.

प्रयोगशाळेत दिवस शून्य मला विचारावा लागत नाही. तो मी करते. माझ्या हातात दोरा असतो, मी गाठ मारते, मी पट्टी चिकटवते. म्हणून कोचचा कान दिसला त्या दिवशी मी काचेवर शून्य काढलं. जणू मी बघितलं तेव्हाच नळी बंद झाली. जणू गाठ माझीच. पण त्यांची नळी कुणी दोऱ्यानं बांधली नव्हती. ती हळूहळू बुजत गेली होती, पित्त थेंबथेंब रक्तात शिरत होतं, खाज आधी आली, नाडी उतरली, आणि रंग सगळ्यात शेवटी चढला. सोळा वर्षांत हे मला एकदाही शिकावं लागलं नव्हतं.

दिवस ९ ही नोंद चूक आहे. वाचा: दिवस ७३.
दिवस ० ही नोंद चूक आहे. वाचा: दिवस ६४.

पस्तिसाव्या दिवसापुढे आमच्याकडे एकही उंदीर जगलेला नाही.

दिवस ७३, तीच दुपार

मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"कोच, दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"कशाला?"

"तुमची पित्ताची नळी अडली आहे. डोळे पिवळे झालेत, खाज येते, लघवी गडद होते ना? त्या पित्तानं हृदय मंद झालंय. हा सराव नाही. हा आजार आहे."

"इकडे ये. मनगट दे."

मी चाळीस वर्षांची आहे. मी मनगट दिलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. पूर्ण एक मिनिट. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"एकशे अठरा," ते म्हणाले. "खोटं बोलतेस."

"खोटं नाही बोलत."

"लहानपणीही फेरी चोरून आलीस की एवढीच असायची. पळून आलेल्याची चढते आणि हळूहळू उतरते. खोटं बोलणाऱ्याची चढते आणि तिथेच राहते. काय लपवतेस?"

तेव्हा मी सांगितलं. कान, काच, चौदा दिवस, पट्टी दोन बोटं बाजूला. आईचंही सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. बोटं माझ्या मनगटावरच होती.

"आता उतरली," ते म्हणाले. "शंभर. म्हणजे खरं बोलतेस."

"चला. मी गाडी बोलावते."

"थांब. किती दिवस गप्प बसणार होतीस म्हणालीस?"

"चौदा."

"आणि आज कितवा?"

"नववा. पण ते चुकीचं आहे, खरं म्हणजे..."

"नववा." ते माझ्याकडे बघत राहिले. मी राग शोधत होते. राग नव्हता. शर्यत बघायला आलेल्या आणि मधेच उठून जाणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. "चौदाचं ठरवलं आणि नवव्याला बसलीस. आयुष्यात एक गोष्ट स्वतःहून सुरू केलीस, बापाला तडपवायची. म्हटलं असतं, चला, पोरगीत दम आहे. तीसुद्धा पुरी होईना तुझ्याच्यानं."

"कोच, एकेक दिवस महत्त्वाचा आहे."

"माहीत आहे. पुरे करायचे चौदा. सोमवारी सकाळी जाऊ."

दिवस ७४, ७५, ७६

त्यांनी घरात सांगून टाकलं, सोमवारी डॉक्टरकडे जायचं ठरलंय. वहिनीला हायसं वाटलं.

"आज का नाही जायचं?" मी तिला म्हणाले. "तू सांग ना. तुझं ऐकतील."

"अगं, म्हणाले तुझ्याशी बोलून ठरवलंय. तूच सोमवार दिलास म्हणे." वहिनी माझ्याकडे बघू लागली. "नाही का?"

इथे एकच उत्तर होतं ज्यानं गाडी आली असती. वहिनी, मला नऊ दिवस माहीत होतं. एवढं एक वाक्य. मग वहिनीनं आरडाओरडा केला असता, शेजारी बोलावले असते, दादाला फोन लावला असता, कोचना उचलून नेलं असतं.

"हो," मी म्हणाले. "सोमवारच."

त्या तीन दिवसांत कोचनी मला रोज सकाळी समोर बसवून नाडी मोजायला लावली. स्वतः मोजली नाही. तू लिही, म्हणाले, तुझी नोंद अर्धवट राहायला नको. बेचाळीस. बेचाळीस. एक्केचाळीस. पाय सुजले. जेवणाचं ताट बघूनच तोंड फिरवायचे. शनिवारी मोजे घालताना खाली वाकले आणि तसेच राहिले. मी धरायला गेले तर म्हणाले, "हात लावू नकोस. बघ."

"मी पाया पडते."

"बघ आणि लिही. तुमच्याकडे असंच असतं ना?"

मी लिहिलं.

दिवस ७७

रविवारी ते मैदानावर गेले. एकटे. मी मागून गेले. त्यांनी अर्धी फेरी चालून काढली, पळून नव्हे, मग कुंपणाला धरून उभे राहिले. श्वास चढला होता. ओठ राखाडी. मी धावत जाऊन मनगट धरलं: तेवढ्या धापेतही त्रेचाळीस. एरवी अशा वेळी हृदय दुप्पट पळतं. त्यांचं जागचं हललं नव्हतं.

"आली का हाक ऐकू?" मी विचारलं, म्हणजे विचारलं नाही, नुसतं तोंडातून गेलं.

"कुणाची?" ते म्हणाले.

दिवस ७८ (कोचच्या हिशेबानं १४)

जिना उतरायला पंचवीस मिनिटं लागली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, केस ओले, मागे वळवलेले. त्यानं डोळ्याची पापणी खाली ओढली आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"हिला विचारा," कोच म्हणाले. "हिनं नोंद ठेवली आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळला. वहिनीही वळली.

"डोळे पिवळे होऊन चौदा दिवस झाले," मी म्हणाले. "नाडी उतरायला लागून अठ्ठ्याहत्तर."

"आणि आज आणताय?"

कोच माझ्या वतीनं बोलले. "कामावर जाते ती. वेळ मिळत नाही."

पडद्यावर खडा दिसला. वाटाण्याएवढा, नळीच्या तोंडाशी अडकलेला. तोंडातून दुर्बीण घालून काढायचा, चिरफाड नाही, तासाभराचं काम. वहिनीच्या जिवात जीव आला. मला तासाभराचं भय नव्हतं. मला गुंगीच्या औषधाचं भय होतं, कारण गुंगी दिली की रक्तदाब पडतो, आणि दाब पडला की हृदयाला हाक मारावी लागते.

मी डॉक्टरला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. "ह्यांचं हृदय औषधाला उत्तर देणार नाही. तयारी ठेवा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी उंदीर बांधते."

तो हसला. सौजन्यानं.

अडीच तासांनी तो बाहेर आला तेव्हा केस पुन्हा ओले होते. खडा निघाला. पित्त वाहू लागलं. मधे दाब पडला. औषध दिलं, मग दुप्पट दिलं. "हृदयानं दादच दिली नाही हो. वीस मिनिटं. असं मी पाहिलं नव्हतं." वीस मिनिटं मूत्रपिंडांनाही रक्त पुरेसं मिळालं नव्हतं. "आता सावरलेत. पण हृदय पसरलंय. निम्म्या ताकदीनं चालतंय. बरं होईल का, किती होईल, सांगता येत नाही."

"पाच दिवस आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"काही फरक पडला असता, नसताही."

"चौदा दिवस आधी?"

"ताई, सांगता येत नाही म्हटलं ना." तो थकला होता. "दुसरा पेशंट असाच, ह्याच वयाचा, ह्याच खड्याचा, आणि त्याला वेळेवर आणला असता, तर तुलना करून सांगितलं असतं."

तुलनेसाठी कुणी नव्हतं. आमच्याकडे अशा प्रयोगाला मॅडम परवानगीच देत नाहीत.

त्यानंतर (दिवस मोजणं बंद)

कोच घरी आले. दोन माणसांनी खुर्चीतून वर चढवलं. आता त्यांना जिना नाही, फेऱ्या नाहीत. न्हाणीघरापर्यंत जाताना मधे एकदा बसावं लागतं, म्हणून वहिनीनं मधे स्टूल ठेवलं आहे. खाज गेली. डोळे पांढरे झाले, कान पूर्वीसारखे. नाडी आता नव्वदच्या पुढे असते, पण इतकी क्षीण की त्यांच्या स्वतःच्या बोटांना लागत नाही. माझ्या बोटांना लागते. मला उंदरांची सवय आहे. रोज सकाळी मी मोजते. तेवढा वेळ घरात भांडं वाजत नाही.

मला ते आता उंदीरवाली म्हणत नाहीत. 'नऊ' म्हणतात. नऊ, पाणी दे. नऊ, खिडकी लाव. वहिनीनं एकदा विचारलं, हे काय नवीन, तर म्हणाले, "शर्यतीतला नंबर आहे तिचा." वहिनीला ते लाडाचं वाटलं. आजारपणानं माणूस मऊ होतो, असं तिनं दादाला फोनवर सांगितलं.

नोकरी सोडून दुसरीकडे जायचं मी दोनदा बोलून पाहिलं. वहिनी शेजारी भाजी निवडत होती. दोन्ही वेळा त्यांनी फक्त तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वाट बघत राहिले.

सत्कार घरीच झाला. पंधरा-वीस जण आले. पलंगाभोवती, दारात, जिन्यावर उभे. हार आणला होता, पण छातीवर वजन नको म्हणून उशाशी ठेवला. एकेकानं येऊन मनगट पुढे केलं. कोचनी प्रत्येकाच्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं, आकडे सांगितले. मी मागे उभी होते. बोटं भलत्याच ठिकाणी टेकली होती आणि आकडे मनाचे होते. आकडा ऐकून एकेकजण मान डोलावून मागे सरकला.

"आणि ह्या?" त्यांच्यातला एक नवखा, मागच्या बॅचचा, माझ्याकडे बघून म्हणाला.

"ही नऊ," कोच म्हणाले.

"अरे वा, ताईसुद्धा पळायच्या? कुठल्या शर्यतीत?"

कोचनी उशीवरून मान वळवली. उत्तर ते देणार नव्हते. वहिनी सरबताचे पेले घेऊन दारात थांबली होती. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, प्रेमानं.

"चौदाची होती," मी म्हणाले. "नऊला थांबले."

"असू द्या हो ताई," तो म्हणाला आणि ट्रेमधून पेला उचलला. "भाग घेतलात, हेच महत्त्वाचं."